राम वाशीमले आहे

“रामाचा कंदील आहे काय?” असं कुणी विचारलं की आमचे घरमालक हातातल्या कामावरून मान वर न करता सांगायचे, “राम वाशीमले आहे.”

गिऱ्हाईक नवखं असलं तर पुढे विचारायचं, “मग सीता?”

“तेबी वाशीमले.”

“मारुती तरी?”

“वाशीमले.”

“मग इथं आहे तरी कोण?”

“रावण हाय. कुंभकर्ण हाय. इंद्रजित हाय. शूर्पणखा हाय, पन नाक कापायच्या आधीची. कापलेली पाहिजे असंन तर सांगा, कापून देतो.”

हे सगळं ते तोंडावरची माशी न हलू देता बोलत. गंमत करतात की खरं सांगतात हे मला पहिले सहा महिने कळलं नाही. नंतर कळलं की ते आयुष्यात गंमत म्हणून काही बोललेच नव्हते.

मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली त्या काळातली ही गोष्ट आहे. देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, पण बिनलग्नाची मास्तरीण आणि तिची विधवा आई यांना खोली द्यायला गावातलं एकही घर स्वतंत्र झालं नव्हतं. कुणाला आमची जात विचारायची होती, कुणाला माझं लग्न का झालं नाही ते. या घरमालकांनी दोन्ही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “राहा. पन या घरात रामाचा फोटो लावाचा नाही.”

माझी आई रामाची भक्त. तिच्याकडे रामपंचायतनाची एक मोठी तसबीर होती, माहेराहून आणलेली. ती म्हणाली, “असल्या घरात मी पाऊल टाकणार नाही.” मी म्हटलं, “मग धर्मशाळेत टाक.” शेवटी तसबीर लोखंडी पेटीत गेली. आई रोज सकाळी पेटीचं झाकण उघडून नमस्कार करायची आणि बंद करायची. अख्खं मंगरूळ आमच्या मालकांना लंकावाले म्हणत असे. घराला अर्थातच लंका. शाळेत मुली विचारायच्या, “बाई, तुमी लंकेत राहता?” मी हो म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

लंकावाले कातड्याचे कंदील करत. बकऱ्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडून काढायचे, चौकटीवर ताणून उन्हात वाळवायचं. वाळलं की ते उडदाच्या पापडासारखं आरपार दिसायला लागे. मग त्यावर राक्षसाचं चित्र, छोट्या छिन्नीनं पाडलेली बारीक भोकं, लाल-हिरवा-काळा रंग, आणि शेवटी गोल वळवून शिलाई. आत चिमणी पेटवून ठेवली की भिंतीवर रावण उभा. अंगणात चुन्याचा आणि कातड्याचा असा वास सुटे की आई नाकाला पदर लावूनच पाणी भरायची. पण खरं सांगते, त्या कंदिलाच्या उजेडात मी पहिल्यांदा वह्या तपासल्या तेव्हा तांबूस ठिपके माझ्या हातावर हलत होते आणि मला फार बरं वाटलं होतं. घर सोडून आल्यापासून पहिल्यांदाच.

राक्षसांचे कंदील विकत कोण घेतं, असं मलाही वाटायचं. पण गावात नवं घर बांधलं की दृष्ट लागू नये म्हणून दारात काहीतरी भयंकर टांगतातच. रावणाइतकं भयंकर आणि शिवाय उजेड देणारं दुसरं काय मिळणार? दर्ग्याजवळच्या बांगडीवाल्या चाचांना मात्र चेहरा नको होता. ते म्हणाले, “मियाँ, हमको सिर्फ पेड बना दो.” लंकावाल्यांनी विचार करून सांगितलं, “अशोकवन लंकेतच येते. झाड आपलं. देतो.” फार सुंदर झाड केलं त्यांनी, पानागणिक भोक. फक्त मधली एक फांदी रिकामीच. चाचांनी विचारलं, इथं काय राहिलं? “तिथी मारुती बसते,” लंकावाले म्हणाले, “तो वाशीमले आहे.” चाचांनी दुकानात कंदील लावला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला ती रिकामी फांदी दाखवू लागले.

तर वाशीमची भानगड अशी होती.

लंकावाल्यांचे वडील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करायचे. आदिलाबादकडून आलेलं घराणं. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे बाहुल्या, नऊ दिवसांचं रामायण. बाहुल्यांच्या पेट्या दोन, देवांची एक आणि राक्षसांची एक. राम आणि रावण एका पेटीत कधी ठेवायचे नाहीत, नाहीतर पेटीतच युद्ध होतं, असा त्यांच्या घरातला पक्का नियम. अडचण एकट्या बिभीषणाची. तो खेळाच्या सुरुवातीला राक्षसांच्या पेटीत असे. पाचव्या दिवशी तो रावणाला सोडून रामाला शरण येई, तेव्हा खेळ आटोपल्यावर वडील त्याला देवांच्या पेटीत ठेवत. नवव्या दिवशी तो लंकेचा राजा होई, की परत राक्षसांच्या पेटीत.

वडील वारले सहाव्या दिवशी.

मुलगे दोन. वाटणीत थोरल्यानं देवांची पेटी घेतली, धाकट्याला म्हणजे आमच्या मालकांना राक्षसांची आली. त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न पडला बिभीषणाचा. थोरला म्हणाला, बाप गेला तेव्हा तो रामाच्या पेटीत होता, माझा. धाकटा म्हणाला, खेळ पुरा झाला असता तर नवव्या दिवशी तो घरी आला असता, माझा. तेरावं होईपर्यंत सगळे नातेवाईक दोन तट करून रामायणावर बोलत होते. तेराव्याच्या दुपारी सगळे जेवायला बसले असताना धाकट्यानं देवांची पेटी उघडली, बिभीषण काढला आणि मंगरूळची वाट धरली. त्याला वीस वर्षं झाली होती. दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. अर्ध्या पेटीत रामायण होत नाही, म्हणून दोघांनी कंदील करायला घेतले. वाशीमला राम, मंगरूळला रावण.

“चोरला तुम्ही त्याला,” मी एकदा म्हटलं.

“चोरला नाही. घरी आणला.”

भावाचं नावही ते घेत नसत. ‘वाशीमवाला’ एवढंच म्हणत. आणि बिभीषणाचा कंदील त्यांनी कधीच केला नाही. तो पेटीच्या तळाशी, वेगळ्या फडक्यात. पण काम करताना त्याचंच भाषण म्हणायचे. शरण आलेल्या बिभीषणाला राम विचारतो, भावाला सोडून का आलास? त्यावर बिभीषण भलंमोठं उत्तर देतो, नीती काय, धर्म काय, भावानं भावाला कुठवर सांभाळावं, असं पुष्कळ. ते उत्तर लंकावाले छिन्नीच्या ठोक्यावर रोज म्हणत. मला पाठ झालं. आईला पाठ झालं. शेजारच्या गवळ्याच्या म्हशीलासुद्धा झालं असेल.

कंदील विकायची त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसत, पाणी पीत, माणसं बघत आणि मग कोणाला कोण द्यायचं ते स्वतः ठरवत. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी दहा तोंडांचा रावण दिला. बाईंनी कारण विचारलं. “तुमी लय बोलता,” ते म्हणाले, “दहा डोकी आहेत, एखांदं तरी ऐकंन.” बाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जसा काही तो रावण मीच सुचवला होता!

आणि राक्षसाचा डोळा ते कधी घरी फोडत नसत. डोळ्याचं भोक सगळ्यात शेवटी, गिऱ्हाइकाच्या घरात, कंदील टांगल्यावर. डोळा उघडला की तो पाहायला लागतो, म्हणून त्या वेळी घरात चांगलं चाललेलं असावं लागे. आसेगावच्या एका पाटलाकडे ते इंद्रजित घेऊन गेले, तर तिथं दोन भावांची विहिरीवरून जुंपलेली. लंकावाले छिन्नी हातात घेऊन तासभर थांबले. मग छिन्नी पिशवीत घातली. “आधी भांडन मिटवा. मंग बोलवा. यानं पहिल्यांदा डोये उघडून हे पाह्याचं काय?” इंद्रजित तसाच आंधळा टांगलेला राहिला.

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, “अन् सोताचं काय?”

“माह्यं काय?”

“काई नाही. भाकर खा.”

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी शाळेच्या कामासाठी मला वाशीमला जावं लागलं. आईनं निघताना कानात सांगितलं, “त्या भावाकडनं रामाचा एक कंदील आण. गुपचूप.” मी म्हटलं, “घरमालक हाकलतील.” तर म्हणते, “पेटीत ठेवू.” आमच्या पेटीत एव्हाना अख्खी अयोध्या भरत चालली होती.

बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत थोरल्यांचं घर सापडलं. तोच चुन्याचा वास, तशाच चौकटी. एक म्हातारे गृहस्थ कातडं नाकाला टेकेल इतकं जवळ धरून भोकं पाडत होते. मंगरूळहून आले म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

“लंकेत राहता?”

“हो.”

“बिभीषण बरा हाय ना? कसर तं नाही लागली?”

भावाची नव्हे, बिभीषणाची चौकशी. मी म्हटलं, “बरा आहे. फडक्यात असतो.”

म्हाताऱ्यांनी कातडं खाली ठेवलं. मग म्हणाले, “बाई, माह्ये डोये चालले. डॉक्टर म्हने, दिवाळीलोक दिसंन, मंग भरोसा नाही. त्याले सांगा, मले एकडाव बिभीषण पाह्याचा आहे. ठेवून नाही घेत. पाह्याचा आहे फक्त. बापानं माह्यासमोर कापला होता तो.”

मी कंदील घेतला, चार कपड्यांत गुंडाळला आणि परतीच्या बसमध्ये रडले. मला रडायचं काही कारण नव्हतं. माझा भाऊ नाही, माझा बिभीषण नाही. पण रडले.

घरी आल्या आल्या निरोप सांगितला. लंकावाल्यांनी तीन भोकं पाडली, मग बोलले, “पाह्याले बोलवते अन् ठेवून घेते.”

“ते म्हणाले ठेवून घेत नाही.”

“रामाच्या बाजूचे लोक गोड बोलतेत.”

“अहो, त्यांचे डोळे जाताहेत!”

“वाशीमवाल्याची जुनी सवय आहे, नाटक कराची.”

मी चिडले. म्हटलं, “आसेगावच्या पाटलाला शिकवायला गेलात, तेव्हा फार शहाणपण होतं.” छिन्नीचे ठोके तेवढे वाढले. काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढत, पण बोलत नसत. मग दिवाळीची कामं आली आणि लंकावाल्यांना सबबच मिळाली. रोज म्हणायचे, हे कुंभकर्ण होऊ द्या, मंग पाहू. कुंभकर्ण काही संपेनात. दिवाळी गेली.

दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आईनं मला न विचारता तो कंदील पेटीतून काढला आणि खोलीत लावला. म्हणाली, “एक दिवस. देवाचं लग्न आहे.” आणि नेमके त्याच वेळी लंकावाले उसाची कांडी द्यायला दारात आले.

भिंतीवर राम उभा होता. मी मनात सामान बांधायला घेतलं. आईनं हात जोडले, ते रामाला की घरमालकाला, मला समजलं नाही. लंकावाले आत आले. ओरडले नाहीत. कंदिलाजवळ गेले, वाकले आणि कातड्यावरून बोट फिरवायला लागले. मुकुटावरून, खांद्यावरून, धनुष्यावरून. भोकांच्या ओळी वाकड्या गेल्या होत्या. काही भोकं एकात एक मिसळली होती. त्यांचं बोट रामाच्या चेहऱ्यावर आलं आणि थांबलं.

डोळा गालावर फोडला होता.

मी तो कंदील दोन महिने जवळ बाळगून होते, पण ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला राम रामासारखाच दिसत होता.

“हे कवाचं काम आहे?” त्यांनी विचारलं.

“मी गेले होते तेव्हाचं.”

“म्हंजे तवाच...” ते खाली जमिनीवर बसले. आईनं पाणी दिलं ते प्यायले. उसाची कांडी हातातच होती. ती घेऊनच परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राक्षसांची पेटी दारात. मला म्हणाले, “बाई, तुमी चला. साक्षीले.” शाळेला सुट्टी होतीच. बसच्या कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला सांगितली. लंकावाले म्हणाले, “ह्यात वरतं ठेवाजोगं कोनीच नाही,” आणि तेवढी पेटी मांडीवर घेऊन वाशीमपर्यंत बसून राहिले. रस्त्यात बसचं चाक फुटलं आणि अर्धा तास गेला. तो अर्धा तास त्यांनी चाकाकडे असं पाहिलं, की ते आपण होऊन भरेल.

थोरल्यांच्या सुनेनं दार उघडलं. म्हातारे खाटेवर बसले होते.

“कोन हाय?”

“मी.”

म्हाताऱ्यांनी मान फिरवली, पण ती सुनेच्या दिशेनं. तेव्हा आम्हाला कळलं.

“उशीर केला तू, लहान्या.”

“बस उशिरा आली,” लंकावाले म्हणाले.

सुनेनं पाणी आणलं. मग म्हातारेच म्हणाले, “आनला?”

“आनला.”

“तं चाल. शरणागतीचा भाग करू.”

“तुले दिसत नाही.”

“हाताले दिसते.”

भर दुपारी सुनेनं आणि मी खिडक्यांना गोणपाट लावलं. मधल्या दारात धोतर बांधलं. चिमणी पेटवली. दोघे भाऊ पडद्याच्या आत, प्रेक्षक आम्ही दोघी बाहेर. म्हाताऱ्यांनी देवांच्या पेटीत हात घालून, चाचपून, बरोबर राम काढला. त्यांचा आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. ओळीमागून ओळ, कुठे अडखळणं नाही. बिभीषण उजवीकडून यायचा होता, म्हणजे रामाचं तोंड उजवीकडे हवं. बाहुली सपाट, चेहरा एकाच अंगाचा. जिकडे तोंड करून धरली तिकडेच ती पाहणार.

म्हाताऱ्यांनी राम उलटा धरला होता.

उजवीकडून बिभीषण आला. किती सुरेख होता तो! वीस वर्षं फडक्यात राहिलेला, लाल, हिरवा, हात जोडलेला. आणि राम त्याच्याकडे पाठ करून उभा. माझ्याशेजारी सुनेनं तोंडावर हात ठेवला. मी लंकावाल्यांना ओळखत होते. एक भोक मोठं पडलं म्हणून पुरा झालेला कंदील चुन्याच्या पाण्यात परत टाकणारा माणूस. आता ते बोलणार, “उलटा हाय,” आणि सगळं तिथंच संपणार, असं मला वाटलं.

बिभीषण पडद्यावरून नाहीसा झाला. आतून गुडघे कुरकुरल्याचा आवाज आला. कुणीतरी उठून, वाकून, भावाच्या पाठीमागून पलीकडे जात होतं. मग डावीकडून बिभीषण परत आला आणि रामाच्या समोर येऊन उभा राहिला.

रामानं विचारलं, “भावाले सोडून काहून आला?”

आता ते लांबलचक उत्तर. मला पाठ होतं. नीती, धर्म, भावानं भावाला कुठवर सांभाळावं. मी मनात पहिली ओळ म्हणूनसुद्धा टाकली. पडद्यावर बिभीषणाचे हात हलत होते, किंवा धरणाऱ्याचे. आवाज येईना.

“काहून आला?” रामानं पुन्हा विचारलं.

“चुकलं,” बिभीषण म्हणाला.

तेवढंच. वडिलांच्या खेळात हा शब्द नव्हता. थोड्या वेळानं राम बिभीषणाच्या अगदी जवळ सरकला, इतका की धोतरावर दोघांची मिळून एकच सावली झाली. मग कुणीतरी चिमणी फुंकली. गोणपाट काढून बाहेर उजेडात आल्यावर दोघांनी आपापली तोंडं पुसली आणि सुनेनं केलेली भजी खाल्ली. थोरले म्हणाले, भज्यात मीठ कमी आहे. धाकटे म्हणाले, बराबर आहे. शेवटची बस साडेपाचची होती, ती आम्ही पकडली. बसमध्ये लंकावाले चाकाशिवाय कशाबद्दलही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खोलीत हातोडी घेऊन आले आणि भिंतीत एक खिळा ठोकला. “तुमच्या मायले सांगा, फोटो काढा पेटीतून. त्याचा जीव गुदमरला असंन.” आई त्या दिवशी इतका वेळ पूजा करत होती, की मला शाळेत उपाशी जावं लागलं.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा काकूंनी राक्षसांची पेटी हवा द्यायला अंगणात उघडली होती. एकेक बाहुली झटकून चटईवर मांडत होत्या. तळाशी गेल्या, ते वेगळं फडकं उचललं, उलगडलं. रिकामं. त्यांनी फडकं दोनदा झटकलं. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलल्या.

“बिभीषण कुठी आहे?”

“वाशीमले.”

“म्हंजे वीस वर्सं भांडून शेवटी तो रामाचाच ठरला?”

लंकावाल्यांनी छिन्नी बाजूला ठेवली.

“रामाचा नाही. दादाचा,” ते म्हणाले. ‘दादा’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “त्याले आता दिसत नाही. जवळ भाऊ पाहिजे.”